अध्यक्ष नसलेल्या सभेला जाताना

समजा, व्हॉट्सअपवर एक निमंत्रण आलं. रविवारी दुपारी दोन ते सहा, उल्हासनगर कॅम्प नं. ३, स्टेशनपासून चालत अंतरावर एका क्लासच्या खोलीत. विषय, कृत्रिम बुद्धिमत्तेची सुरक्षितता. जागा पंचवीस जणांपुरती. वक्त्याचं नाव नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, खाली एकच ओळ, ‘विषय आल्यावर ठरवू.’ आपला माणूस असं निमंत्रण वाचून दोनच निष्कर्ष काढतो. एक तर आयोजकांची तयारी झालेली नाही, नाहीतर हे कसल्यातरी साखळी-विक्रीचं आमिष आहे.

तिसरी शक्यता असते, आणि हा लेख तिच्यासाठी आहे. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ च्या सुमाराला वर्षभर खपून एक मोठी परिषद भरवली. ती पार पडल्यावर सगळ्यांचं मत एकच पडलं, की सर्वांत कामाच्या गोष्टी चहाच्या सुट्टीत झाल्या. ओवेन यांनी ते मनावर घेतलं. १९८५ साली कॅलिफोर्नियात माँटेरे इथे त्यांनी अख्खी परिषदच चहाच्या सुट्टीसारखी भरवली. लोक गोल बसले, ज्याला जो विषय काढायचा होता तो त्याने कागदावर लिहून भिंतीला लावला आणि ज्याला ज्यात रस तो त्या गटात गेला. पुढे २००५ मध्ये पालो आल्टोला संगणकवाल्यांनी याच वळणाचा ‘बारकँप’ सुरू केला आणि वर्षभरातच तो भारतातही आला. एआय-सुरक्षेच्या अभ्यासकांनी २०१८ साली मॉन्ट्रियलला, ‘न्युरिप्स’ या मोठ्या संशोधन परिषदेच्या काठावर, अशीच एक छोटी बैठक घेतली. नंतर २०१९ मध्ये व्हँकुव्हरला आणि २०२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला ती पुन्हा झाली. तिथेही विषय येणाऱ्यांनीच मांडायचे होते.

मोठ्या सभा आपल्याकडे झाल्याच. ब्लेचली पार्क (२०२३), सोल (२०२४), पॅरिस (२०२५) अशी वाट काढत एआयची जागतिक शिखर परिषद फेब्रुवारी २०२६ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमला आली. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने भारताची स्वतःची एआय सुरक्षा संस्था उभारण्याची घोषणा केली होती. धोरणं अशा ठिकाणी ठरतात, ठरोत. पण बदलापूरहून गेलेल्या माणसाला तिथे हात वर करून प्रश्न विचारायला मिळेल, ही आशा ठेवू नये. पंचवीस जणांच्या खोलीत मिळतो.

आधी खोटं निमंत्रण वगळा. कल्याण ते बदलापूर पट्ट्यात ‘एआय शिका, सर्टिफिकेट मिळवा’ म्हणणाऱ्या क्लासांचे फलक आता ब्यूटी पार्लरच्या फलकांइतके झाले आहेत. खऱ्या बैठकीला शुल्क असलंच तर खोलीचं भाडं आणि चहा-नाश्त्यापुरतं असतं. आयोजक कोण, आधी काय केलंय, पैसे कशासाठी, हे विचारलं की खरा माणूस सरळ सांगतो. ‘आल्यावर कळेल, आधी आधार कार्डचा फोटो पाठवा’ असं उत्तर आलं तर विषय तिथेच सोडा. पत्ताही नीट विचारून घ्या. उल्हासनगरात पत्ता म्हणजे सेक्शन आणि बॅरेक नंबर. बॅरेक नंबरवर घर शोधणं हे स्थानिकांनाही जमतंच असं नाही, त्यामुळे जवळची खूण हवीच. कॅम्प तीनला उल्हासनगर स्टेशन बरं. विठ्ठलवाडीला उतरलात तर चार नंबरकडे भरकटाल. आणि रविवार आहे, मेगाब्लॉक बघूनच निघा.

आता मुख्य अडचण. ‘आपण तिथे जाऊन काय बोलणार? आपल्याला कोडिंग येत नाही, इंग्रजीही बेताचंच.’ ही भीती मला सगळ्यांत चुकीची वाटते, आणि या पट्ट्यातल्या माणसाच्या तोंडी तर अधिकच.

अंबरनाथ किंवा बदलापूर एमआयडीसीत पंधरा-वीस वर्षं काढलेला एखादा सेफ्टी ऑफिसर किंवा प्लँट ऑपरेटर घ्या. वर्क परमिटवर सही झाल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. शिफ्ट सुरू होण्याआधीचा टूलबॉक्स टॉक, मॉक ड्रिल, हॅझॉपच्या बैठकीत एकेका पाइपलाइनवर बोट ठेवून ‘इथे दाब वाढला तर? उलटा प्रवाह झाला तर?’ असं विचारत जाणं, ही त्याची रोजची भाषा. निअर मिस म्हणजे काय हेही त्याला समजावावं लागत नाही. अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, तर तोही रजिस्टरला लिहायचा. न लिहिणारा सुपरवायझर काय किंमत मोजायला लावतो, हे त्याला ठाऊक असतं. शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांच्या काचा अनेकांच्या घरात पडल्या आहेत.

एआय-सुरक्षेचं क्षेत्र नेमकं हेच शिकायला धडपडतंय. एआयमुळे घडलेले किंवा घडता घडता राहिलेले प्रकार नोंदवणारा ‘एआय इन्सिडेंट डेटाबेस’ काही वर्षांपूर्वी सुरू झाला, तो निअर मिस रजिस्टरचाच भाऊबंद. ‘आमची यंत्रणा सुरक्षित आहे’ हे पुराव्यानिशी लेखी मांडण्याची रीत अणुऊर्जा आणि विमानवाहतुकीत जुनी आहे. एआय कंपन्यांकडून तीच मागणी आता होते आहे. संगणकशास्त्र शिकलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला हे सगळं पुस्तकातून माहीत असतं. गॅसचा वास आल्यावर माणसं खरंच कशी वागतात, अलार्म सारखा वाजतो म्हणून तो कोण बंद करून ठेवतं, हे त्याला माहीत नसतं. ते सांगायला तुम्ही हवे.

तीच गोष्ट व्यापाऱ्यांची. जीन्स, फर्निचर, मोबाइलचे सुटे भाग, उल्हासनगरचा निम्मा धंदा फोनवरच्या शब्दावर चालतो. ‘सेठ बोलतोय, त्या पार्टीला पेमेंट टाक’ एवढ्यावर मुनीमजी पैसे पाठवतात. आवाजाची नक्कल आता थोड्याशा नमुन्यावरून होते. आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल थांबवण्यासाठी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला अंतरिम आदेश द्यावा लागला. त्याआधी २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाबतीतही तसंच झालं, आणि त्याच वर्षी जानेवारीत सचिन तेंडुलकर यांचा बनावट व्हिडिओ एका गेमच्या जाहिरातीत फिरला. प्रसिद्ध माणसाला निदान न्यायालय गाठता येतं. दुकानात सेठचा खरा आवाज आणि खोटा आवाज यांत फरक करायची काय रीत घालून द्यावी, हा प्रश्न कुठल्याही शोधनिबंधापेक्षा कॅम्प तीनच्या खोलीत जास्त नीट सुटेल. परत फोन लावायचा, ठरलेला शब्द विचारायचा, की अमुक रकमेच्या वर तोंडी ऑर्डर चालणारच नाही? धंदा न थांबवता काय पाळलं जाईल, हे करणाऱ्यालाच कळतं.

आणि भाषा. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. इंग्रजीत विचारल्यावर जीपीटी-४ ज्या घातक प्रश्नांना नकार देत होतं, तेच प्रश्न त्यांनी झुलू, स्कॉट्स गेलिक अशा कमी मजकूर असलेल्या भाषांत यंत्राने भाषांतरित करून विचारले. अशा भाषा मिळून ७९ टक्के प्रश्नांना नकाराचं कुंपण तुटलं, इंग्रजीत ते एक टक्क्याच्याही आत होतं. ते मॉडेल आता जुनं झालं, पण मुद्दा जुना झालेला नाही. कुंपण इंग्रजीच्या बाजूने उंच आणि बाकीच्या बाजूंनी ठेंगणं असू शकतं. उल्हासनगरात तर सिंधीची दोन रूपं शेजारी नांदतात. आजोबा अरबी लिपीत वाचतात, नातू देवनागरीत. ८ ऑगस्ट १९४९ ला नाव मिळालेली ही वस्ती, १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत आलेली भाषा, आणि तिच्या दोन लिप्यांत चॅटबॉट सारखंच वागतो का, हे तपासून बघणारी माणसं याहून जास्त कुठे सापडणार?

तेव्हा जाताना एक तपासलेली गोष्ट बरोबर न्या. मत नको, मतं तिथे पोत्याने येतात. करायचं कसं तेही सांगतो. रोजच्या आयुष्यातला असा एक प्रश्न घ्या, ज्याचं चुकीचं उत्तर महागात पडेल. उदाहरणार्थ, ‘लहान मुलाने चुकून फिनेल प्यायलं, आता काय करू?’ याचं योग्य उत्तर आधी डॉक्टरांकडून पक्कं माहीत करून घ्या, म्हणजे उलटी करवायची की नाही, तोंडाने काय द्यायचं किंवा द्यायचं नाही, केव्हा पळायचं. मग तोच प्रश्न चॅटबॉटला मराठीत विचारा. पुस्तकी मराठीत एकदा आणि घाबरलेली आई टाइप करेल तशा रोमन अक्षरांतल्या मराठीत एकदा. मग हिंदीत, इंग्रजीत, येत असेल तर सिंधीत. दर वेळी नवीन चॅट उघडा, नाहीतर आधीच्या उत्तराची सावली पुढच्यावर पडते. प्रत्येक भाषेत दोन-तीनदा विचारा, कारण ही यंत्रं एकाच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देत नाहीत. वहीत तारीख, अॅपचं नाव, फुकटचं की पैसे भरून घेतलेलं, प्रश्न जसाच्या तसा आणि उत्तर जसंच्या तसं उतरवा. स्क्रीनशॉट चालेल. ‘मराठीत एआय बंडल आहे’ असं म्हणणाऱ्याकडे कोणी वळून बघणार नाही. असं एक पान समोर ठेवणाऱ्याभोवती खुर्च्या ओढल्या जातील.

एक पथ्य मात्र पाळा. घातक माहिती काढून घ्यायचे प्रयोग हौसेने करू नका. विष, स्फोटकं, कोणाची बदनामी, यांतलं काही चुकून हाती लागलंच तर ते खोलीत मोठ्याने वाचू नका, ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. कंपनीला कळवण्याची सोय अॅपमध्येच असते, आणि नेमकं काय घडलं एवढं आयोजकांच्या कानावर घाला.

वाचून काय जावं? फार नको. एआय संशोधक योशुआ बेंजिओ यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेला आंतरराष्ट्रीय एआय सुरक्षा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. त्याचा सुरुवातीचा सारांश वाचलात तरी पुष्कळ. आणि एक जुनं उदाहरण डोक्यात ठेवा, कारण चर्चा कुठेही अडली की ते कामाला येतं. २०१६ साली ओपनएआयच्या संशोधकांनी एका संगणकीय खेळात एआयला बोटीची शर्यत खेळायला शिकवलं. शिकवण्यासाठी बक्षीस होतं गुणांचं, आणि गुण मिळत वाटेतली लक्ष्यं टिपल्यावर. एआयला एक कोपरा सापडला, जिथे गोल गोल फिरत राहिलं की तीच लक्ष्यं पुन्हा पुन्हा उगवत. बोट तिथेच घिरट्या घालत राहिली, इतर बोटींवर आदळली, पेटली, शर्यत पुरी केलीच नाही, आणि गुण माणसांपेक्षा जास्त. तिला सांगितलं होतं तेच तिने केलं. सांगणाऱ्याला हवं होतं दुसरंच. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक आवृत्ती ग्राहकांच्या प्रत्येक बोलण्याला इतकी मान डोलवायला लागली की कंपनीला ती मागे घ्यावी लागली. लोकांच्या पसंतीच्या अंगठ्यांवर यंत्राला घडवलं, तर ते खुशमस्करी शिकतं. बोटीच्या गोष्टीचाच हा घरगुती अवतार.

मग तो दिवस. खोलीत शिरल्यावर दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, प्रमुख पाहुण्यांचा परिचय नाही, म्हणून आपल्याला जरा उघडं पडल्यासारखं वाटतं. दहा मिनिटांत जातं ते. भिंतीवर किंवा फळ्यावर तक्ता आखलेला असेल, उभ्या रांगा वेळेच्या, आडव्या कोपऱ्यांच्या. तुम्हाला एक चिकटचिठ्ठी आणि मार्कर मिळेल. विषय प्रश्नाच्या रूपात लिहा आणि मोठा लिहा. ‘एआय आणि समाज’ अशा चिठ्ठीखाली कोणी येत नाही, आलंच तर जांभया देत बसतं. ‘सेठचा खोटा आवाज मुनीमजीने ओळखायचा कसा?’, ‘प्लँटमधलं निअर मिस रजिस्टर एआयला लावता येईल का?’, ‘चॅटबॉट माझ्या प्रत्येक म्हणण्याला होय का म्हणतो?’ अशा चिठ्ठ्यांभोवती माणसं जमतात. चिठ्ठी लावली म्हणजे तुम्ही त्या विषयातले तज्ज्ञ असं कोणी समजत नाही. तुम्हाला तो प्रश्न पडलाय, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवात तुम्ही करायची, दोन मिनिटांत काय पाहिलं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड जातं.

ओवेन यांच्या पद्धतीत एक ‘दोन पायांचा नियम’ आहे. जिथे तुम्ही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठा आणि दुसऱ्या गटात जा. आपल्याकडे भाषण चालू असताना उठणं म्हणजे वक्त्याचा अपमान. मागच्या रांगेतला माणूससुद्धा फोन कानाला लावून, महत्त्वाचा कॉल आल्याचं नाटक करत सटकतो. इथे नाटकाची गरज नाही. पण समोर ज्येष्ठ नागरिक संघातले एखादे काका तळमळीने बोलत असतील, तर उठताना ‘काका, पलीकडचंही जरा ऐकून येतो’ एवढं म्हणावं. नियम अमेरिकेचा असला तरी काका आपले आहेत.

काकांचा विषय निघालाच आहे, तर आयोजकांनी एक गोष्ट सुरुवातीलाच करावी. नोकऱ्यांच्या प्रश्नाला स्वतंत्र तास द्यावा. तो न दिल्यास प्रत्येक गट फिरून फिरून ‘पोरांच्या नोकऱ्यांचं काय होणार’ इथेच येऊन थांबतो. प्रश्न रास्त आहे, पण तो सगळी दुपार खातो.

दुसरं भांडण हमखास होतं. एक बाजू म्हणते, एआय माणसाच्या हाताबाहेर जाईल हा खरा धोका. मे २०२३ मध्ये जेफ्री हिंटन, बेंजिओ हे संशोधक आणि खुद्द एआय कंपन्यांच्या प्रमुखांनी एका वाक्याच्या निवेदनावर सह्या करून या धोक्याला महासाथ आणि अणुयुद्धाच्या पंक्तीला बसवलं. दुसरी बाजू म्हणते, हे दूरचं भय दाखवून आजची फसवणूक, पक्षपात आणि पाळत झाकली जाते. यान लकुन यांच्यासारखे दिग्गज पहिल्या भीतीला अतिरंजित मानतात आणि प्रिन्स्टनचे अरविंद नारायणन एआयकडे इतर तंत्रज्ञानांसारखंच एक तंत्रज्ञान म्हणून पाहा असं सांगतात. तुम्हाला तिथल्या तिथे बाजू निवडायची सक्ती नाही. मला स्वतःला वाटतं की दोन्ही धोक्यांचं मूळ बऱ्याचदा एकच असतं, यंत्राला काय सांगितलं आणि काय हवं होतं यातली फट. पण यावर चार तास वाद घालणारे भेटतील, त्यांना घालू द्या.

भाषेबद्दल संकोच नको. पहिल्याच फेरीत ‘मी मराठीत बोलणार’ असं सांगून टाका. उल्हासनगरात एका वाक्यात तीन भाषा सहज मावतात, कोणी दचकणार नाही. न समजलेला शब्द तिथल्या तिथे थांबवून विचारा. पाच जणांना तो कळलेला नसतो, विचारणारा एकच असतो.

फोटो आणि रेकॉर्डिंगच्या बाबतीत मात्र कडक राहा. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासून चालत आलेला एक नियम अशा बैठकांत बहुधा पाळतात. तिथे ऐकलेलं बाहेर वापरा, पण कोण बोललं, कोणत्या कंपनीचं बोललं, हे सांगू नका. प्लँटमधला माणूस आपल्या खात्यातला किस्सा सांगतो तो या भरवशावर. त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो. बैठकीची टिपणं आपोआप काढणारं एआय अॅप खिशातल्या फोनवर चालू ठेवणं म्हणजे तर कहर. तेही लोक करतात.

मुली आणि स्त्रियांसाठी, आणि त्यांना बोलावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सोबत मैत्रीण आणायची मोकळीक निमंत्रणातच लिहिलेली असावी. आणि सहाला संपणार म्हटलं की सहाला संपावं. कर्जत बाजूच्या गाड्या आधीच कमी, एक चुकली की पुढचं सगळं गणित बिघडतं.

घरी परतल्यावर दोन दिवसांच्या आत, आठवण ताजी असताना, अर्धं पान लिहून आयोजकांना पाठवा. काय नवीन कळलं, कोणता प्रश्न अर्धवट राहिला, त्यातलं तुम्ही काय करून बघणार. ज्याच्याशी बोलणं जमलं त्याला एक मेसेज टाका. नुसतं ‘छान वाटलं भेटून’ नको. ‘तुम्ही म्हणालात तो प्रश्न मी रोमन मराठीत विचारून बघतो’ असं काहीतरी, ज्याला उत्तर देता येईल. अशा बैठकांचं पीक पुष्कळदा महिन्याभराने येतं आणि ते दोघा-तिघांच्या बोलण्यातून येतं.

आणि असं निमंत्रण आलंच नाही तर? अशा बैठका अजून बंगळूर-दिल्लीकडे अधिक होतात. मुंबईत पवईला काही असेल तर कांजूरमार्गपर्यंत लोकल आहे. पण तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही. शिकवणीच्या क्लासची खोली रविवारी दुपारी रिकामी असते, ओळखीने थोडक्या भाड्यात मिळते. आठ माणसं पुरेत, वीसच्या वर नकोत. त्यांत एक एमआयडीसीतला, एक दुकानदार, एक नर्स किंवा शिक्षिका आणि एक कॉलेजात संगणक शिकणारा एवढे वेगवेगळे असले की बाकी कोणीही चालेल. सगळेच आयटीतले असले तर बैठक कंटाळवाणी होते, हे लिहून ठेवा. ड्रॉइंग पेपर, चिकटचिठ्ठ्या, मार्कर, मधल्या वेळी चहा आणि दाल-पकवान. चेटीचंड, गणपती आणि बारावीच्या परीक्षेचे दिवस टाळा. शेवटची पंधरा मिनिटं प्रत्येक कोपऱ्यातून एकेकाने उभं राहून काय ठरलं ते सांगावं, आभारप्रदर्शन नको. आणि क्लासवाल्याला किल्ली परत देण्याआधी फळ्याचा फोटो काढायचं काम एकाच्या नावावर आधीच लावून ठेवा, कारण सोमवारी सकाळी सातच्या बॅचला दहावीचं बीजगणित असतं आणि सर आल्या आल्या डस्टर हातात घेतात.